गोठवलेला भत्ता आणि पगारपत्रकाबाहेरची माणसे

साथीच्या काळात सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार वाढावेत की नाही, हा वाद २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घरोघरी झाला आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच रीतीने झाला. एका बाजूला नोकरी गेलेला, पगार निम्म्यावर आलेला किंवा दुकानाचे शटर महिनोन्‌महिने उघडू न शकलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या खात्यात दरमहा पगार जमा होत होता असा शासकीय कर्मचारी होता. एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशातील १२ कोटींहून अधिक लोकांचे काम गेले, असा सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेचा अंदाज होता. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन, पहिल्या अधिकृत अंदाजानुसार, २३.९ टक्क्यांनी घसरले होते. अशा वेळी सरकारी तिजोरीतून कोणाचाही पगार वाढणे अन्यायाचे आहे, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि ज्यांना तसे वाटले त्यांना स्वार्थी ठरवण्याची माझी तयारी नाही. परंतु सरकारी विरुद्ध खासगी अशी रेघ ओढून झालेल्या त्या वादात सार्वजनिक सेवेच्या आतली, अधिक खोल असलेली रेघ झाकली गेली, असे माझे मत आहे. वाढ कोणाला मिळाली, कोणाची अडवली गेली आणि कोणाला पगारदार म्हणून मोजलेच गेले नाही, हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहिल्याशिवाय न्यायाची चर्चा पुरी होत नाही.

आधी भत्त्याचे पाहू. १३ मार्च २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने महागाई भत्ता १७ टक्क्यांवरून २१ टक्के करण्यास मंजुरी दिली होती. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २३ एप्रिल रोजी, अर्थ मंत्रालयाने आदेश काढून १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ या तिन्ही तारखांना देय असलेले हप्ते गोठवले. सुमारे ४८ लाख कर्मचारी आणि ६५ लाख निवृत्तिवेतनधारकांना त्याची झळ बसली. जुलै २०२१ पासून भत्ता एकदम २८ टक्के करण्यात आला. पण मधल्या १८ महिन्यांचा फरक मिळणार नाही, हे सरकारने स्पष्ट केले आणि त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचे संसदेत सांगितले.

महागाई भत्त्याला पगारवाढ म्हणणेच मुळात योग्य नाही. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची १२ महिन्यांची सरासरी काढून, ती सातव्या वेतन आयोगाने आधार मानलेल्या २६१.४२ या आकड्याच्या किती टक्क्यांनी वर गेली हे पाहून, वर्षातून दोनदा हा भत्ता ठरतो. किराणा, भाडे, औषधे यांचे भाव जेवढे चढले तेवढाच तो चढतो, तोही भाव चढून गेल्यावर. २०२०-२१ या वर्षात किरकोळ महागाईचा सरासरी दर सहा टक्क्यांच्या वर होता. त्यामुळे भत्ता गोठवला म्हणजे वाढ थांबवली असे म्हणणे पुरेसे नाही; प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांच्या वेतनाची खरेदीशक्ती कमी झाली. हे समजून घेतल्यानंतरही कोणी म्हणू शकेल की संकटात एवढी झळ सोसायला हवी होती. मीही तसेच म्हणेन. पण ती किती जणांनी, किती प्रमाणात आणि कोणत्या शब्दावर सोसायची, हा पुढचा प्रश्न उरतोच.

हिशेब मांडून पाहिला की चित्र स्पष्ट होते. भत्ता १७ टक्क्यांवर थांबला, तर देय दर अनुक्रमे २१, २४ आणि २८ टक्के होते; म्हणजे पहिले सहा महिने ४ टक्के, पुढचे सहा महिने ७ टक्के आणि शेवटचे सहा महिने ११ टक्के, असा हा फरक आहे. १८,००० रुपये मूळ वेतन असलेल्या शिपायाचे महिन्याला अनुक्रमे ७२०, १,२६० आणि १,९८० रुपये कमी झाले. एकूण २३,७६० रुपये. अडीच लाख रुपये मूळ वेतनाच्या सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्याचे याच हिशेबाने ३ लाख ३० हजार रुपये गेले. दोघांनीही मूळ वेतन आणि भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या साधारण सव्वासहा टक्के सोडले. कागदावर हे समान आहे. पण शिपायाच्या घरात ते २३,७६० रुपये म्हणजे मुलाची फी, रेशनबाहेरचे धान्य, किंवा मुलांचे वर्ग ऑनलाइन झाल्यावर नाइलाजाने घ्यावा लागलेला स्मार्टफोन. अधिकाऱ्याच्या घरात ती तीन लाखांची रक्कम बहुधा बचतीतून वजा झाली. समान टक्केवारीने घेतलेला त्याग समान नसतो, हे प्राप्तिकराची टप्पेवार रचना करणाऱ्या अर्थ मंत्रालयाला समजावून सांगण्याची गरज असू नये.

टप्पे पाडता येत नव्हते असेही नाही. ३१ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलेल्या निर्णयात मुख्यमंत्री, मंत्री आणि लोकप्रतिनिधी यांचे मार्चचे ६० टक्के वेतन रोखले गेले, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के, तर ड वर्गाला पूर्ण वेतन मिळाले. ही कपात नसून वेतन दोन टप्प्यांत दिले जाईल, असा खुलासा लगेच झाला आणि पोलीस व आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. घाईत घेतलेल्या त्या निर्णयात त्रुटी होत्या; कर्मचारी संघटनांशी आधी बोलणे झाले असते तर पहिल्या दिवशीचा गोंधळ टळला असता. तरीही ज्याची सोसण्याची ताकद अधिक त्याने अधिक सोसावे आणि जो आजाऱ्यांच्या सर्वांत जवळ उभा आहे त्याच्या पगाराला हात लावू नये, ही दोन्ही तत्त्वे त्यात दिसतात, आणि ती केंद्राच्या आदेशात नाहीत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील वेतनवाढ रोखली तेव्हाही तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे कर्मचारी त्यातून वगळले होते आणि वर्षाला २४,००० पौंडांहून कमी कमावणाऱ्यांना किमान २५० पौंडांची वाढ देऊ केली होती. पुढे परिचारिकांना अवघी एक टक्का वाढ देण्याच्या प्रस्तावावरून तेथे संताप उसळला आणि ती तीन टक्के करावी लागली. म्हणजे तेथेही सारे सुरळीत झाले असे नाही. पण उंबरठा ठरवून, खालच्यांना वगळून वेतन गोठवता येते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कायद्याच्या बाजूनेही या काळाने काही गोष्टी स्पष्ट केल्या. केरळ सरकारने पाच महिने दरमहा सहा दिवसांचा पगार राखून ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि सरकारला अध्यादेशाचा आधार घ्यावा लागला. आंध्र प्रदेशाने मार्च आणि एप्रिल २०२० चे वेतन व निवृत्तिवेतन अंशतः लांबवले होते. ते सहा टक्के व्याजासह द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६० मध्ये आर्थिक आणीबाणीच्या काळात शासकीय वेतनात कपात करण्याची तरतूद आहे, पण ती आणीबाणी कधी जाहीर झाली नाही. महागाई भत्त्याचे प्रकरण वेतनाहून वेगळे आहे हे मान्य; तरी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. गोठवणुकीच्या त्या १८ महिन्यांत जे कर्मचारी निवृत्त झाले, त्यांची ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण मोजताना २१, २४ आणि २८ टक्के असा काल्पनिक भत्ता धरावा, असा आदेश सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानेच काढला. निवृत्तांच्या हिशेबात जो हक्क मान्य झाला तो सेवेत राहिलेल्यांच्या हिशेबात का नाही, याचे तिजोरीतील खडखडाट याखेरीज दुसरे उत्तर नाही. ते उत्तर २०२० मध्ये पटण्यासारखे होते. करसंकलन पुन्हा भरभरून होऊ लागल्यानंतर किमान खालच्या स्तरातील कर्मचाऱ्यांचा आणि लहान निवृत्तिवेतनधारकांचा फरक परत न करण्याला मात्र ते पुरत नाही.

आता त्या दुसऱ्या रेघेकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील खरा अन्याय तेथे आहे. ज्यांचा भत्ता गोठला त्यांना निदान गोठवण्यासारखा भत्ता होता. महाराष्ट्रात साथीचे सर्वेक्षण ज्यांच्या पायांवर उभे होते त्या सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका कोणत्याही वेतनश्रेणीत नव्हत्या आणि आजही नाहीत. सकाळी घरचे आटोपून, खांद्याला पिशवी लावून, तापमापक, ऑक्सिमीटर आणि नोंदींची वही घेऊन त्या घराघरांत जात होत्या. मुंबई-पुण्याहून गावी आलेला माणूस कोणाकडे उतरला आहे, त्याला ताप आहे का, घरात मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा कोणी रुग्ण आहे का, हे विचारायचे, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत उतरवायचा, पुढच्या उंबऱ्यावर जायचे. काही घरांनी त्यांना दारातून परत पाठवले, काहींनी साथ घेऊन येणारी म्हणून अंगणातही येऊ दिले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम अशाच फेऱ्यांवर चालली. लसीकरण सुरू झाल्यावर लोकांना केंद्रापर्यंत आणण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि गरोदर बायांच्या नोंदी, प्रसूतीसाठी सोबत जाणे, बाळाच्या घरभेटी ही मूळची कामे सुटली नाहीत ती नाहीतच.

या कामाचा मोबदला पाहावा. केंद्राने साथीच्या कामासाठी दरमहा १,००० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरवला. दिवसाला ३३ रुपये. राज्याने जुलै २०२० पासून मानधनात २,००० रुपयांची वाढ केली, ती स्वागतार्ह होती. पण दुसऱ्या लाटेत कामाचा भार वाढत गेला आणि मोबदला जेथल्या तेथे राहिला, तेव्हा १५ जून २०२१ पासून राज्यातील आशांना बेमुदत संप करावा लागला. आठवडाभरानंतर १,००० रुपये वाढ आणि साथ असेपर्यंत ५०० रुपये कोविड भत्ता यावर तो मिटला. एका भयंकर लाटेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या राज्यात, ती लाट अंगावर घेतलेल्या बायकांना दीड हजार रुपयांसाठी काम थांबवून बसावे लागले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या ५० लाख रुपयांच्या विम्यात आशांचा समावेश होता, हे योग्यच झाले. पण त्याचा अर्थ असा होतो की कोविडने मृत्यू आला तर शासनाच्या लेखी ती आरोग्य कर्मचारी होती, आणि जिवंत राहून काम करीत असताना ती स्वयंसेविका होती, जिला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी किंवा आजारपणाची भरपगारी रजा लागू नव्हती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. आशांसारख्या, सरकारी योजनांत मानधनावर काम करणाऱ्या योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये, म्हणजे साथीच्या सात वर्षे आधीच, केलेली होती.

शहरांतही हेच चित्र होते. मुंबई महापालिकेने २०२० च्या दिवाळीत कायम कर्मचाऱ्यांना १५,५०० रुपये आणि पुढच्या वर्षी २०,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले. त्या कर्मचाऱ्यांनी, विशेषतः रुग्णालयांतील आणि घनकचरा विभागातील लोकांनी, जीव धोक्यात घालून काम केले होते. त्या रकमेबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. मात्र त्याच गल्लीतील तोच कचरा, त्यात टाकून दिलेल्या मास्क आणि हातमोज्यांसह, उचलणारा कंत्राटी सफाई कामगार त्या अनुदानाच्या यादीत नव्हता. विषाणूला मस्टरवरचे नाव दिसत नव्हते; दिवाळीच्या यादीला तेवढेच दिसले.

या काळात एक वाढ मात्र मला रचनेने योग्य वाटते, ती म्हणजे एसटी महामंडळातील. टाळेबंदीत गाड्या थांबल्या, उत्पन्न आटले आणि कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. तरी याच चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडले आणि मुंबईत बेस्टच्या मदतीलाही ते राज्यभरातून आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये, संप चिघळल्यानंतर, शासनाने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांच्या गटाला ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये. सर्वांत कमी पगार असलेल्या नव्या कर्मचाऱ्यांचा पगार त्यामुळे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढला. तोट्यात बुडालेल्या महामंडळात एवढी वाढ परवडते का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. माझा उलट प्रश्न असा की घाटात रात्रीची गाडी चालवणाऱ्या माणसाला सतरा-साडेसतरा हजार रुपयांवर ठेवणे आधी परवडत तरी कसे होते? महामंडळ राज्य शासनात विलीन करण्याच्या संपकऱ्यांच्या मागणीवर मतभेद असू शकतात आणि संपाने ग्रामीण प्रवाशांचे, शाळकरी मुलींचे जे हाल झाले ते विसरता येत नाहीत. पण टक्केवारीने सरसकट वाढ न देता ठरावीक रक्कम द्यावी, आणि तीही खालच्यांना जास्त द्यावी, हे तत्त्व साथीच्या काळातील कोणत्याही वेतननिर्णयाला लागू करण्यासारखे आहे.

आता खासगी क्षेत्रातील त्या माणसाच्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण त्याचा आक्षेप खरा आहे. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, हॉटेलातील आचारी, कापड दुकानातील विक्रेता यांचे पूर्ण उत्पन्न थांबले होते. त्यांच्या करातून, म्हणजे साबणापासून पेट्रोलपर्यंत ते जे जे विकत घेतात त्यावरील करातून, पगार घेणाऱ्याने १८ महिन्यांच्या फरकाबद्दल बोलावे, हे त्यांना झोंबले असेल तर नवल नाही. महाराष्ट्राच्या महसुलातील निम्म्याहून अधिक रक्कम वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवरच जाते, हेही त्यांना ठाऊक आहे. मे २०२० मध्ये राज्याने आरोग्य व वैद्यकीय शिक्षणासारखे अपवाद वगळता नवी नोकरभरती थांबवली आणि विकासाच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, तेव्हा त्याची किंमत नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी आणि अर्धवट राहिलेल्या कामांच्या भोवतालच्या गावांनी मोजली. ही सारी वस्तुस्थिती मान्य करूनही सरकारी पगार गोठवल्याने त्या आचाऱ्याच्या खिशात एक रुपयाही गेला नाही, हे विसरून चालणार नाही. उलट तालुक्याच्या ठिकाणी बाजारपेठ बऱ्याच अंशी शिक्षक, पोलीस, तलाठी, लिपिक यांच्या पगारावर चालते. त्यांचा हात आखडला की दुकानदाराचा गल्लाही आटतो. वरच्या स्तरातील वेतन रोखून वाचलेले पैसे रोजगार गेलेल्यांना थेट मदत म्हणून आणि आशांसारख्यांना मोबदला म्हणून दिले आहेत, हे सरकारला दाखवता आले असते, तर आचारी आणि अधिकारी दोघांनाही तो त्याग समजला असता. ३४,४०२ कोटींचा आकडा मिळाला; ते पैसे नेमके कोणाच्या पदरात पडले याचा हिशेब त्याच्या जोडीला मिळाला नाही.

म्हणून पुढच्या संकटासाठी नियम आताच, शांत काळात, कायद्याने ठरायला हवेत. एका ठरावीक मूळ वेतनाच्या खाली भत्ता गोठवू नये आणि लहान निवृत्तिवेतनाला हात लावू नये. त्यावरच्या स्तरांत टप्प्याटप्प्याने अधिक रक्कम रोखावी, पण ती लांबवलेली रक्कम मानावी आणि महसूल पूर्वपदावर आल्यावर परत करावी; परतीची अट आदेशातच लिहिलेली असावी. साथीत रुग्णांशी, मृतदेहांशी किंवा संसर्गजन्य कचऱ्याशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या प्रत्येकाला जोखीम भत्ता मिळावा, आणि तो कायम, कंत्राटी, मानधनावरील असा भेद न करता, त्या महिन्याच्या कामावरून ठरावा. यातली शेवटची तरतूद माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला आर्थिक नव्हे तर प्रशासकीय अडचण पुढे केली जाईल, हे मला ठाऊक आहे: ज्यांचे पदच नाही त्यांना भत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचा? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला, तेव्हाही अशीच अडचण सांगितली गेली होती.

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत, आणि शिफारशींसाठी आयोगाला १८ महिन्यांची मुदत आहे. देशाची आर्थिक स्थिती, राज्यांच्या तिजोरीवर पडणारा भार आणि खासगी क्षेत्रातील वेतन या सर्वांचा विचार आयोगाने करायचा आहे. संकटकाळात भत्ता गोठवण्याचे निकष सुचवणे या कार्यकक्षेत सहज बसते, आणि कर्मचारी संघटनांनी आपल्या निवेदनांत गेलेल्या फरकाच्या मागणीइतकीच ही मागणीही ठामपणे मांडायला हवी. आशा आणि कंत्राटी सफाई कामगार मात्र या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या जोखीम भत्त्याचा नियम राज्य शासनाला स्वतःच्या अधिकारात, एका शासन निर्णयाने, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी करता येईल. त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.